साडेदहा किलोचं पोर आणि पाचशेची कॅप्सूल

सकाळी साडेसहा

दुकान नऊला उघडतं, पण माझा दिवस फ्रिजपासून सुरू होतो. दुकानाच्या वरच राहते, त्यामुळे उठल्या उठल्या खाली येऊन आधी थर्मामीटर बघायचा. 2 ते 8 अंशांच्या मध्ये काटा असला की वहीत आकडा लिहायचा, सही करायची आणि मग चहा. रात्री लाइट गेली होती का, किती वेळ गेली होती, हेही लिहायचं. आतमध्ये इन्सुलिन आहे. ते गोठूनही चालत नाही आणि तापूनही. खराब झालं तरी दिसायला बरेचदा तसंच दिसतं, म्हणून वहीवर विश्वास ठेवायचा, डोळ्यांवर नाही.

इन्सुलिनची पेटी हातात घेतली की मला टोरांटोचे ते तिघे आठवतात. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप. 1923 साली त्यांनी आपलं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलरला दिलं. औषध कोणा एकाच्या मुठीत राहू नये, हा त्यामागचा विचार होता. शंभर वर्षं होऊन गेली. तरी महिनाअखेरीला इन्सुलिनसाठी पैसे मोजताना माणसं थांबतात, नोटा पुन्हा मोजतात. नंतरच्या काळात इन्सुलिनचे नवे प्रकार आले, त्यांची नवी पेटंटं आली, त्यांच्या पेनांची वेगळी पेटंटं आली. त्यातले काही प्रकार खरोखर चांगले आहेत, रात्री साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी होतो. चांगल्या संशोधनाला मोबदला मिळावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. किती काळ आणि कोणाच्या खिशातून, एवढंच मी या काउंटरमागे बसून रोज बघते.

सकाळी नऊ

शटर वर. बाहेर भिलाईच्या जीई रोडवर जनरल शिफ्टची गर्दी ओसरलेली असते. फेब्रुवारी संपत आला आहे, दुपारी पंखा लागतो. त्यामुळे पहिली चार गिऱ्हाइकं एकाच वस्तूची: डांबराच्या गोळ्या. स्वेटर, रजया पेटीत जायच्या दिवसांत त्या खपतातच.

घरात तान्हं बाळ आहे का, हे मी प्रत्येकाला विचारते. नॅफ्थलीनच्या वासातले कपडे थेट बाळाला घातले आणि त्या बाळाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असली, तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. आपल्याकडे ही कमतरता असलेली कुटुंबं आहेत आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. म्हणून कपडे धुऊन, उन्हात वाळवूनच बाळाला घालायचे. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं.

या गोळ्यांचा वास माझ्या घरचाच. बाबा 1964 साली भंडाऱ्याहून भिलाईला आले आणि पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये लागले. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. कोक ओव्हनमध्ये कोळसा जाळत नाहीत, हवा बंद करून भाजतात. त्यातून निघणारा वायू ओढून घेतला, थंड केला, की डांबर वेगळं होतं, अमोनिया वेगळा होतो, बेंझॉल वेगळं होतं. डांबरातून पुढे नॅफ्थलीन. बाबा घरी आले की आई त्यांचे कपडे बादलीत वेगळे भिजवायची. आम्हा भावंडांना तो वास म्हणजे बाबा आले.

पुढे फार्मसी शिकताना कळलं की माझ्या फडताळातली बरीच औषधं याच काळ्या चिकट डांबराची नातवंडं आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपात कोळशाच्या डांबरापासून रंग काढायचा उद्योग उभा राहिला. 1856 मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं जांभळा रंग काढला आणि त्याचं पेटंट घेतलं. रंगांच्या त्याच कारखान्यांतून पुढे औषधांच्या कंपन्या निघाल्या.

साडेदहा

ट्रेनिंगला आलेली मुलगी. डी.फार्म.च्या मुलांना दुकानात पाचशे तास काढावे लागतात, तशी ही माझ्याकडे येते. हुशार आहे, प्रश्न विचारते. आज पॅरासिटामॉलच्या स्ट्रिप लावता लावता म्हणाली, "मॅडम, हे इतकं स्वस्त कसं? याचं पेटंट कुणाकडे होतं?"

तिला मी स्ट्रासबुर्गची गोष्ट सांगितली. 1886 साल. कान आणि हेप नावाचे दोन तरुण डॉक्टर. जंत झालेल्या रोग्याला नॅफ्थलीन द्यायचं, म्हणजे आपल्या डांबराच्या गोळीतलंच द्रव्य. जंतांवर फार उपयोग झाला नाही, पण रोग्याचा ताप झपकन उतरला. तपासलं तर औषधाच्या दुकानातून नॅफ्थलीन आलंच नव्हतं. चुकून ॲसिटॅनिलाइड आलं होतं, रंगाच्या कारखान्यातलं एक साधं रसायन.

मुलगी हसली. मी हसले नाही. चुकीची बाटली देणारा औषधविक्रेता, ही माझ्या धंद्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट. त्या दिवशी रोगी वाचला, एवढंच. प्रत्येक स्ट्रिप देताना नाव दोनदा वाच, हे तिला सांगून ठेवलं.

पुढचा भाग मात्र आजच्या दुकानदाराला जास्त लागू आहे. ॲसिटॅनिलाइड जुनं रसायन, सगळ्यांना माहीत असलेलं, त्याचं पेटंट मिळणं शक्य नव्हतं. मग कारखान्यानं त्याला अँटिफेब्रिन असं नाव दिलं आणि ते नाव आपलं करून घेतलं. डॉक्टर चिठ्ठीवर अँटिफेब्रिन लिहू लागले. तेच रसायन दुसऱ्या बरणीत स्वस्त पडून होतं, पण चिठ्ठीवर नाव अँटिफेब्रिन, तर अँटिफेब्रिनच द्यायचं. आज मीही तिथेच उभी आहे. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर त्याच घटकाचं दुसरं, स्वस्त औषध परस्पर बदलून देण्याची मला कायद्यानं मुभा नाही. पेटंट कधीतरी संपतं, नावाला मुदत नसते. म्हणून माझं गिऱ्हाइकांना सांगणं असतं की डॉक्टरांनाच विचारा, घटकाचं नाव लिहून द्याल का. विचारायला लाजू नका.

ॲसिटॅनिलाइडनं ओठ निळे पडत. 1948 मध्ये अमेरिकेत ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी शोधलं की शरीरात त्याचं पॅरासिटामॉल होतं, आणि ताप उतरतो तो त्यामुळे. पॅरासिटामॉल तर 1878 पासून कागदावर होतं. मधे 1893 मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरनं ते रोग्यांना देऊन पाहिलं, त्याला ते धोक्याचं वाटलं आणि ते पुन्हा बाजूला पडलं. जवळजवळ साठ वर्षं. इतका वेळ फुकट गेला, याची मला खरंच हळहळ वाटते. तेवढ्या वर्षांत किती जणांनी निळ्या ओठांची औषधं घेतली असतील.

बारा

काकाजी आले. बाबांच्या बरोबरीचे, रेल मिलमधून निवृत्त. मधुमेह आहे, हृदयही थोडं दमलेलं. येतात ते बसायलाच. "पोरी, पाणी दे आधी," म्हणून स्टूल ओढून घेतात.

त्यांची गोळी एम्पाग्लिफ्लोझिन, 10 मिलिग्रॅमची. दोन वर्षांपूर्वी मला एक गोष्ट खटकली होती. महिन्याला तीन स्ट्रिप लागायच्या, आणि काकाजी न्यायचे दीड. विचारलं तर इकडचं तिकडचं बोलले. शेवटी काकूंनी सांगितलं की हे एक दिवसाआड घेतात. एका गोळीला साठ रुपये पडत होते. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची होती, नातीची फी होती. ज्या माणसानं आयुष्यभर रुळाचा एकही तुकडा कमी मापाचा जाऊ दिला नाही, तो स्वतःच्या औषधाचं माप निम्मं करून बसला होता.

11 मार्च 2025 ला या रेणूचं भारतातलं पेटंट संपलं. आठवडाभरात माझ्या टेबलाशी इतक्या कंपन्यांचे प्रतिनिधी आले की त्यांच्या पत्रकांची थप्पी लागली. साठ रुपयांची गोळी दहा रुपयांच्या आत मिळू लागली, काहींची तर पाच-सहाला. गोळीतला घटक तोच राहिला. त्या दिवशी बदलली फक्त तारीख. काकाजींनी डॉक्टरांकडून चिठ्ठी बदलून आणली, आणि आता तीन स्ट्रिप नेतात. आज मी मोजूनच दिल्या.

या तारखेमागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आपल्या 1970 च्या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यामुळे आपल्या कंपन्या तेच औषध दुसऱ्या रीतीनं बनवायच्या आणि जगाच्या मानानं कितीतरी स्वस्त विकायच्या. जागतिक व्यापार करारामुळे 1 जानेवारी 2005 पासून रेणूलाही पेटंट देणं भाग पडलं, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. काकाजींच्या गोळीचा अर्ज मार्च 2005 चा. नव्या कायद्याच्या पहिल्याच खेपेतली ती. त्याच कायद्यात आपल्या संसदेनं एक कलम घातलं, 3 (ड). जुन्याच औषधाचं रूप थोडं बदललं आणि परिणाम काही वाढला नाही, तर नवं पेटंट नाही. 1 एप्रिल 2013 ला रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम उचलून धरलं. माझ्या मते आपल्या संसदेनं केलेल्या चांगल्या कामांत हे कलम वरच्या ओळीत बसावं. वीस वर्षं हा करार आहे. वीसची तीस करायची पळवाट या कलमानं अरुंद केली. काकाजींना 2025 मध्ये सुटका मिळाली.

आणि आता ती गोष्ट, जी सांगताना मला दर वेळी नवं वाटतं. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीत फ्लोरिझिन नावाचं द्रव्य असतं. 1835 मध्ये ते वेगळं काढलं गेलं. पन्नास वर्षांनी एका डॉक्टरनं बघितलं की ते दिलं की लघवीतून साखर बाहेर पडते. तो डॉक्टर फॉन मेरिंग. हो, तोच, पॅरासिटामॉल बाजूला ठेवणारा. 1889 मध्ये त्यानंच मिंकोव्हस्कीबरोबर दाखवलं की स्वादुपिंड काढलं की कुत्र्याला मधुमेह होतो. त्या वाटेनं पुढे इन्सुलिन सापडलं. म्हणजे माझ्या दुकानातली तापाची गोळी, फ्रिजमधलं इन्सुलिन आणि काकाजींची गोळी, तिन्हींच्या उगमाशी एकच माणूस उभा आहे. फ्लोरिझिनमध्ये फेरफार करत करत शंभरावर वर्षांनी हे औषध बनलं. पेटंट शेवटच्या पायरीला मिळतं. आधीच्या सगळ्या पायऱ्या कुणाच्या तरी कुतूहलावर आणि बहुतेक वेळा विद्यापीठाच्या, म्हणजे लोकांच्या, पैशावर उभ्या असतात.

काकाजींनी हे सगळं ऐकलं, पाणी संपवलं, आणि विचारलं, "मग सफरचंद खाल्लं तर चालेल का?" डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच खा, म्हटलं.

दुपारी दोन

जेवण. वरण, भात, शेवग्याच्या शेंगांची भाजी. शटर अर्धं खाली.

जेवता जेवता ट्रेनिंगच्या मुलीचं बोट कापलं, डब्याचं झाकण लागलं. तिनं स्वतःच वर जाऊन माझ्या डब्यातली हळद आणली आणि दाबून धरली. औषधाच्या दुकानात बसून हळद! मी तिला ओरडले, आधी पाण्यानं धू, मग पट्टी लाव. पण विषय निघाला तो निघालाच.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेनं जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं होतं. अर्जदार दोघेही भारतीय वंशाचे संशोधक. आपल्या सीएसआयआरनं ते पेटंट ओढून खाली आणलं, तेव्हा संस्थेचे प्रमुख होते रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. मराठी माणसाला त्याचा अभिमान आहेच. पण मला त्यातला बारकावा जास्त महत्त्वाचा वाटतो. आमची आजी हळद लावायची, एवढं म्हणून भागलं नाही. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला छापील पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी मिळून बत्तीस संदर्भ गोळा झाले, त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. त्यानंतर आपल्या पारंपरिक ज्ञानाचा संगणकावरचा ग्रंथसंग्रह उभा राहिला, जगभरच्या पेटंट तपासनीसांना वाचता येईल अशा भाषांत.

मुलीचं गाव कवर्ध्याच्या बाजूला. तिची आजी कोणत्या तापाला कोणता पाला देते, हे तिला थोडंफार येतं. लिहून ठेव, म्हटलं. तारीख घालून लिही. कोणत्या झाडाचा, कोणत्या महिन्यात तोडलेला, किती, कशात उकळून. उपयोग होतो की नाही ते पुढे कुणी तपासेल. पण लिहिलेलंच नसेल तर तपासणार तरी काय?

साडेचार

एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, येऊन गेला. त्याच्याकडे चार नव्या गोळ्या, चारही मधुमेहाच्या. मागणी आहे, रोगी आयुष्यभर घेतो, त्यामुळे कंपन्यांचं लक्ष तिकडे. रायपूरच्या मेडिकल कॉम्प्लेक्समधून माल आला, बिल पडताळलं, बॅच नंबर टिपले, कडक नोंदीच्या औषधांचं एच-वन रजिस्टर पूर्ण केलं. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी सहा

जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती बाई या वेळेला येते. धमध्याच्या बाजूच्या गावातून, बसनं. कडेवर मुलगा, तीन वर्षांचा. सिकलसेलचा.

छत्तीसगडात आणि आपल्या विदर्भात हा आजार घराघरांत आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की पोर रडायचंही थांबतं. थंडीत, ताप आला की, पाणी कमी प्यायलं की त्रास वाढतो. या हिवाळ्यात हा मुलगा दोनदा दवाखान्यात भरती झाला.

त्याचं औषध हायड्रॉक्सियुरिया. हे रसायन 1869 मध्ये जर्मनीत तयार झालं. म्हणजे पॅरासिटामॉलच्याही आधी. कर्करोगासाठी वापरता वापरता लक्षात आलं की यानं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी वाकड्या व्हायचं प्रमाण घटतं. 1998 मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी त्याला मान्यता मिळाली, पुढे मुलांमधले चांगले अभ्यासही झाले. पेटंट कुणाचंही नाही. स्वस्त आहे.

मग अडचण काय? माझ्याकडे येते ती कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची. या पोराचं वजन साडेदहा किलो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय 200.

पहिल्यांदा ती आली तेव्हा कॅप्सूल हातात धरून तिनं विचारलं होतं, "दीदी, आधा कइसे देबो?" निम्मी कशी द्यायची. कॅप्सूलला रेघ नसते. घरी ती उघडून भुकटीचे अंदाजानं भाग पाडायची, उघड्या हातांनी. ही भुकटी पेशींची वाढ रोखणारी आहे, बोटांना लागायला नको, गरोदर बाईनं तर शिवायलाही नको. तिची धाकटी जाऊ तेव्हा पोटुशी होती.

डॉक्टरांशी फोनवर बोलून मी तिला रीत दाखवली. हातमोजे घालायचे. बाटलीत मोजून 10 मिली पाणी, त्यात पूर्ण कॅप्सूल सोडायची, विरघळू द्यायची. मग सुई नसलेल्या सिरिंजनं 4 मिली ओढायचं, गालाच्या आतून हळूहळू सोडायचं. त्या 4 मिलीत 200 आलं. उरलेलं 6 मिली टाकून द्यायचं. पाचातले तीन भाग रोज वाया. शाळेत चौथीपर्यंत शिकलेली ही बाई आता सिरिंजची रेघ डोळ्यांच्या समोर धरून माझ्यापेक्षा बारकाईनं बघते, बुडबुडा आला तर पुन्हा भरते. आजही तिनं करून दाखवलं. मी फक्त मान हलवली.

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत याच आजारावर जनुक बदलण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली. विज्ञानाची मोठी झेप आहे ती, वाचून अंगावर काटा आला होता. किंमत बावीस लाख डॉलर. त्यामागे पेटंटांची मोठी भिंत आहे. आणि इकडे मुलाच्या मापाची साधी छोटी मात्रा, जिला कोणताही नवा शोध लागत नाही, फक्त कुणीतरी बनवायला बसावं लागतं, ती या काउंटरपर्यंत पोचलेली नाही. जुन्या, बिनपेटंटच्या औषधाची नवी मात्रा बनवून कोणाला मोठा फायदा होत नाही. पेटंटमुळे संशोधन होतं हे खरं. पण मग पेटंट नाही तिथे संशोधन कुणी करायचं, हा प्रश्न ही बाई कडेवर घेऊन माझ्यापुढे उभी असते.

उत्तर एकच आहे: सरकारी पैशानं. जानेवारी 2024 मध्ये आयसीएमआरनं मुलांसाठी कमी मात्रेचं हायड्रॉक्सियुरिया बनवायला कंपन्यांना पुढे येण्याचं आवाहन केलं. त्याच वर्षी एका भारतीय कंपनीनं पातळ औषध तयार झाल्याचं जाहीर केलं. ही बरोबर दिशा आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047 चं लक्ष्य ठेवून. तपासण्या होतात, कार्ड मिळतात. पण कार्ड मिळालेल्या पोराला त्याच्या वजनाचं औषध मिळायला हवं. गेल्या पावसाळ्यात तर तीन आठवडे 500 ची कॅप्सूलसुद्धा आली नाही. माल पाठवणाऱ्यानं फोनवर सांगितलं, "मॅडम, यात सुटतं काय?"

रात्री साडेनऊ

शटर खाली. गल्ला मोजला, फ्रिजचा आकडा लिहिला: 5.

एक वेगळी वही आहे, हिरव्या पुठ्ठ्याची. त्यात माझ्याकडून हायड्रॉक्सियुरिया नेणाऱ्या प्रत्येक मुलाचं वय, वजन आणि लिहून दिलेली मात्रा टिपते. नावं लिहीत नाही. आज चौदावी ओळ झाली. चौदापैकी एकालाही पूर्ण 500 लागत नाही. या यादीची प्रत मी औषध निरीक्षकांना आणि जिल्हा रुग्णालयाला देणार आहे.

हे वाचणाऱ्यांत कोणी औषधाचं दुकान चालवत असेल, भिलाईत, राजनांदगावात, गोंदियात, गडचिरोलीत, तर त्यांनीही अशी वही ठेवावी. किती मुलांना किती मात्रा लागते, हा आकडा आपल्या काउंटरशिवाय दुसरीकडे फारसा सापडायचा नाही. तो लिहा आणि पाठवा.